‘करेक्शन फी’च्या नावाखाली ७०,१५० रुपये गेले: कॅनडा पीआरच्या फाइलमधली नोकरीची नोंद दुरुस्त करून देणाऱ्यांपासून सावध राहा

कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीमध्ये, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्यासाठीच्या (पीआर) ऑनलाइन प्रक्रियेत, अर्ज दाखल केल्यानंतर नोकरीच्या तपशिलातली चूक कळवण्यासाठी तिथले सरकार एक रुपयाही घेत नाही. हे मी सर्वांत आधी लिहिते आहे, कारण एवढी एकच गोष्ट मला वेळेवर कोणी सांगितली असती तर माझे ७०,१५० रुपये वाचले असते आणि माझी स्वच्छ फाइल आज संशयाच्या छायेत आली नसती.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत जुलै २०१७ ते जानेवारी २०१८ या काळात मी थर्ड पार्टी पेरोलवर होते, म्हणजे काम या कंपनीत पण पगार दुसऱ्या कंत्राटदार कंपनीकडून, आणि फेब्रुवारी २०१८ पासून कंपनीच्या पेरोलवर आले. जागा तीच, टीम तीच, मॅनेजरही तोच. बदलला तो फक्त गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीचा रंग. त्यामुळे अर्जात मी तो सगळा काळ एकाच कंपनीच्या नावावर दाखवला. हिंजवडीत किंवा खराडीत अशा पद्धतीने काम केलेले लोक आपला अनुभव असाच सांगतात, त्यात लपवाछपवी नसते. परंतु कंपनीने दिलेल्या रेफरन्स लेटरवर (अनुभवाच्या पत्रावर) रुजू होण्याची तारीख फेब्रुवारी २०१८ होती आणि पीएफच्या पासबुकात दोन वेगळ्या आस्थापना दिसत होत्या. ही विसंगती माझ्या लक्षात आली तेव्हा अर्ज दाखल झालेला होता आणि १,५२५ कॅनेडियन डॉलर शुल्कही भरून झाले होते.

घाबरलेल्या माणसाला गाठणारे लोक कसे असतात हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्या कार्यालयाची काच, भिंतीवरच्या फ्रेम आणि चहाचा आग्रह यांचे वर्णन करत नाही. नात्यातल्या एकाने नाव सुचवले होते, म्हणून गेले. सल्ल्याचे २,५०० रुपये आधी घेतले गेले. समोरच्या माणसाने माझी कागदपत्रे चाळली आणि म्हणाला, “मॅडम, हे मिसरिप्रेझेंटेशन आहे, खोटी माहिती देणं. पाच वर्षांचा बॅन लागतो. पण अजून करेक्शन विंडो उघडी आहे.”

यातले पहिले अर्धे खरे होते आणि म्हणूनच मी अडकले. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० नुसार चुकीची माहिती दिल्याचे किंवा महत्त्वाची माहिती दडवल्याचे ठरल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होते. ही मुदत २०१४ पूर्वी दोन वर्षांची होती. मी घरी येऊन हे तपासले आणि ते खरे निघाल्यामुळे त्या माणसावरचा विश्वास वाढला. ‘करेक्शन विंडो’ नावाचा प्रकार मात्र अस्तित्वातच नाही. पूर्ण खोटे बोलणारा माणूस ओळखता येतो. भीती खरी आणि उपाय खोटा सांगणारा ओळखायला मला जमले नाही आणि माझ्या जागी असलेल्या बहुतेकांना ते जमले नसते, असे मला आजही वाटते.

त्यानंतर ‘फाइल रीओपनिंग’चे २५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २९,५०० रुपये गेले. बिलावर कर आकारलेला होता, पण जीएसटी क्रमांकाची जागा कोरी होती. असे बिल हाती आले तर पैसे देऊ नका, आधी क्रमांक मागा आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर शोधा.

आता ज्या क्षणाचा विचार करून मला अजूनही रात्री झोप लागत नाही, तो सांगते. ‘सरकारी करेक्शन फी’ म्हणून त्याने ४२५ कॅनेडियन डॉलर सांगितले आणि ६२ रुपयांच्या दराने २६,३५० रुपये यूपीआयवर मागितले. मी क्यूआर कोड स्कॅन केला. स्क्रीनवर कार्यालयाचे नाव आले नाही, कॅनडा सरकारचे तर नाहीच; एका अनोळखी व्यक्तीचे नाव आले. मी मान वर करून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आमच्या अकाउंट्सच्या माणसाचं आहे, तो डॉलरमध्ये पुढे भरतो.” माझा अंगठा पिनवर होता. त्याआधी काहीच आठवड्यांपूर्वी ते १,५२५ डॉलर मी स्वतः, माझ्याच खात्यातून, माझ्याच कार्डाने थेट सरकारच्या संकेतस्थळावर भरले होते आणि त्याची अधिकृत पावती माझ्या पीडीएफच्या फोल्डरमध्ये पडलेली होती. कॅनडा सरकार आपले शुल्क पुण्यातल्या कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर घेत नाही, हे मला समजायला त्या पावतीपलीकडे आणखी काय हवे होते? तरीही मी पिन टाकला, कारण समोर बसलेला माणूस पाच वर्षे, पाच वर्षे असे म्हणत होता.

पुढे ‘प्रतिज्ञापत्र आणि लीगल ओपिनियन’ यासाठी ११,८०० रुपये गेले. मग एका पत्राची प्रत ईमेलवर आली आणि ती पाहून माझे हातपाय गार पडले. माझ्या जुन्या कंपनीचे लेटरहेड, एचआरची सही, माझे नाव आणि रुजू होण्याची तारीख जुलै २०१७! ते पत्र कंपनीने दिलेले नव्हते. माझ्या खऱ्या पत्रावरची तारीख बदलून ते तयार केले होते. ‘फेब्रुवारी’ खोडलेल्या जागी अक्षरांचा जाडपणा वेगळा दिसत होता. मी फोन करून जाब विचारला, तर उत्तर मिळाले की पत्र पुढे पाठवून झाले आहे आणि आता ‘क्लिअरन्स’साठी ४८,००० रुपये लागतील. ते मी दिले नाहीत.

या धंद्याचा खरा धोका इथे आहे. माझी मूळ चूक निर्दोष होती, तर यांनी केलेली ‘दुरुस्ती’ हा गुन्हा आहे, आणि अर्जातल्या प्रत्येक कागदाची जबाबदारी अर्जदाराचीच धरली जाते, मग तो कोणीही पाठवलेला असो. त्या माणसाने कॅनडातल्या ‘पार्टनर’चा म्हणून एक परवाना क्रमांक सांगितला होता. कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेची नोंदवही कोणालाही मोफत पाहता येते. मी नंतर शोधले तेव्हा क्रमांक आणि नाव जुळत नव्हते. पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार त्या संस्थेचे सदस्य, कॅनडातले वकील आणि तिथल्या मोजक्या परवानाधारकांनाच आहे. प्रतिनिधी नेमण्यासाठीचा आयएमएम ५४७६ हा फॉर्म जो तुमच्याकडून भरून घेत नाही, तो तुमचा प्रतिनिधी नाही.

तक्रार करायला गेले तेव्हा मनस्तापाचा दुसरा अंक सुरू झाला. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की पैसे ऑनलाइन गेले आहेत, सायबरकडे जा. सायबर कक्षात सांगण्यात आले की तुम्ही कार्यालयात समोरासमोर बसून पैसे दिले आहेत, हे सायबरचे प्रकरण नाही, ठाण्यात जा. परत ठाण्यात आले तर ‘हा दिवाणी वाद आहे, पैसे तुम्हीच स्वतःहून दिलेत ना?’ असे ऐकून घ्यावे लागले. खोट्या सहीचे पत्र मी टेबलावर ठेवले होते; ते कोणी हातातसुद्धा घेतले नाही. परदेशी जाणाऱ्या माणसाकडे पैसा असतोच, असा भाव समोरच्या प्रत्येक चेहऱ्यावर होता. बँकेने कळवले की व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला असल्याने तो अधिकृत आहे. परदेशी रोजगाराच्या दलालांसाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे, पण हा माणूस नोकरी देत नव्हता, फाइल ‘दुरुस्त’ करत होता, म्हणून तिथेही दाद नाही. पंजाबने २०१२ साली अशा सल्लागारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. आपल्याकडे महाराष्ट्रात असा परवाना देणारे कार्यालय मला तरी सापडले नाही. मग सामान्य माणसाने जायचे तरी कोणाकडे? फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे आणि ठाण्याने गुन्हा नोंदवण्यास नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार वरिष्ठांकडे लेखी तक्रार पाठवता येते, हेही मला एका वकील मैत्रिणीकडून कळले, ठाण्यातून नव्हे. पैसे जाताच त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की खाते रिकामे होते.

खरी दुरुस्ती मी स्वतःच केली. इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर एक वेब फॉर्म आहे. त्यात अर्ज क्रमांक लिहून स्पष्टीकरणाचे पत्र जोडायचे असते. मी दोन्ही नोंदी वेगळ्या करून दाखवल्या आणि थर्ड पार्टी कंपनीचे पत्र, पीएफ पासबुक, त्या वर्षाचे फॉर्म १६ आणि पगाराच्या स्लिपा जोडल्या. नियोक्त्याच्या पत्रात पद, कामाचे स्वरूप, तारखा, आठवड्याचे तास आणि वार्षिक पगार हे सगळे असायला हवे, तसे पत्र मागून घेतले. दुरुस्तीमुळे गुण बदलतात का, हे आधी पाहा. कॅनडाबाहेरच्या अनुभवाचे सीआरएस गुण (एक्सप्रेस एंट्रीत उमेदवारांचा क्रम ठरवणारे गुण) तीन वर्षांपुढे वाढत नाहीत. माझा अनुभव त्याहून बराच जास्त असल्याने ते सात महिने पूर्ण वगळले असते तरी माझ्या स्कोअरमध्ये फरक पडला नसता. म्हणजे ज्या भीतीचे मी ७०,१५० रुपये मोजले, ती भीती माझ्या बाबतीत मुळात निराधार होती! दुरुस्तीमुळे गुण अर्जाचे निमंत्रण मिळण्याच्या किमान मर्यादेखाली जात असतील तर मात्र नोंदणीकृत सल्लागार किंवा कॅनडातला वकील गाठा.

बनावट पत्राचा उल्लेखही मी त्याच स्पष्टीकरणात केला, पोलिसांना दिलेल्या अर्जाची प्रत जोडली आणि ते पत्र माझ्या संमतीने पाठवलेले नाही असे स्पष्ट लिहिले. त्या लोकांनी ते खरोखर पाठवले की केवळ मला घाबरवले, हे मला माहीत नाही, कारण वेब फॉर्मची पोच त्यात भरलेल्या ईमेलवर जाते आणि ईमेल कोणाचा भरला हे तेच जाणतात. पोर्टलचा पासवर्ड कोणालाही देऊ नका. मी दिला होता, तो आता बदलला आहे. फाइलवर अद्याप निर्णय झालेला नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करते आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. त्या कार्यालयाचा फलक आता बदलला असला तरी माणसे तीच आहेत. ज्यांच्याकडे कोऱ्या जीएसटी क्रमांकाचे असे बिल असेल, त्यांनी लाज बाळगून घरात बसू नये, आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. एकटीच्या तक्रारीवर काही होणार नाही, असे मला तोंडावर सांगण्यात आले आहे.