नव्या रंगाखालची सुरकुती: सायकलची जुनी स्टील फ्रेम घेताना माझी फसवणूक कशी झाली

पेंट रिमूव्हरने लाल रंग फुगून सुटला आणि खरवडणीला काहीतरी मऊ, गुलाबी लागलं. हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलचा दांडा जिच्यातून जातो त्या पुढच्या छोट्या नळीच्या, लगेच मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाला. गाडीच्या पत्र्याला पोचा आला की गॅरेजमध्ये जी लांबी भरतात, ती होती. टवके काढत गेलो तसं खालचं पोलाद दिसू लागलं, आणि त्यात एक आडवी सुरकुती. समोरून जोराची धडक बसली की पुढच्या चाकाचा चिमटा मागे ढकलला जातो आणि पातळ नळी तिथेच दुमडते. ही फ्रेम मला ‘अपघात न झालेली, मूळ इटालियन, कोलंबस एसएलएक्स नळ्यांची’ म्हणून विकली होती. कोलंबस ही सायकलच्या नळ्या बनवणारी इटालियन कंपनी; एसएल, एसएलएक्स या तिच्या नळ्यांच्या मालिका.

जुन्या रोड बाइकची लग (नळ्यांच्या सांध्यावरच्या धातूच्या खोबणी) लावून ब्रेझिंग केलेली, म्हणजे दुसरा धातू वितळवून जोडलेली, फ्रेम हाताने नीट करायची, माझ्या मापाची, माझ्या आवडीच्या काळातली, हे कित्येक वर्षांचं मनात होतं. विकणारा माणूस बोलायला गोड होता. गिअरची, नळ्यांची नावं त्याला तोंडपाठ होती. “साहेब, रंग फक्त नवा केलाय, बाकी सगळं जसंच्या तसं आहे,” हे त्याचं वाक्य मी पूर्ण खरं धरलं. फोटो सगळे उजव्या बाजूचे, चाक आणि गिअर लावलेले. सीट पोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, आत बसवलेली. “ती काढू नका, नव्या रंगाला ओरखडा जाईल,” असं त्याने सांगितलं, आणि नवा रंग जपायचा म्हणून मीही ते ऐकलं. तिथेच सगळं चुकलं.

त्या पोस्टमध्येच उत्तर होतं. घरी आणून काढली तर खालच्या टोकाला माप कोरलेलं: २६.२. अशा फ्रेमची सीट ट्यूब, म्हणजे पोस्ट जिच्यात बसते ती नळी, बाहेरून २८.६ मिमी असते. म्हणजे भिंतीची जाडी साधारण १.२ मिमी झाली. कोलंबस एसएल किंवा एसएलएक्सची सीट ट्यूब वरच्या टोकाला जेमतेम ०.६ मिमी जाडीची असते, म्हणून त्या फ्रेमना बहुतेक २७.२ ची पोस्ट लागते. नळीवर स्टिकर कुठलंही चिकटवता येतं, आतला व्यास मात्र नळी बनवली तेव्हाच ठरलेला असतो. जुन्या नमुन्याची नवी स्टिकरं उघडपणे मिळतात आणि प्रामाणिक माणूस ती सांगून लावतो, त्यात गैर काही नाही. इथे मात्र त्याच स्टिकरच्या बळावर साधी जाड नळी खपवली होती.

एसएलएक्सची आणखी एक खूण आहे, आणि ती मला माहीत असूनही मी तपासली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. या नळ्यांना बॉटम ब्रॅकेटकडच्या (पेडलचा आस बसतो त्या जागेकडच्या) टोकाला आतून पाच पीळदार कडा असतात. तिथले बेअरिंगचे कप काढून टॉर्च मारला आणि बोट आत घातलं की त्या लागतात. माझ्या फ्रेममध्ये बोटाला एकच सरळ रेघ लागली, नळीच्या लांबीभर गेलेली. पट्टी गोल वळवून वेल्डिंगने जोडलेल्या स्वस्त नळीची ती शिवण. कोलंबसच्या त्या नळ्या बिनजोडाच्या, थंड ओढून केलेल्या असतात, त्यात अशी रेघ असूच शकत नाही.

बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांवरून देश ठरवायचा असं बरेच जण सांगतात. उपयोग होतो, पण त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. इटालियन शेल, म्हणजे तो आस बसतो ती आडवी नळी, ७० मिमी रुंद, आटे ३६ मिमी व्यासाचे, इंचाला २४, आणि दोन्ही बाजूंचे सरळ. इंग्लिश शेल ६८ मिमी, १.३७ इंच, तेही इंचाला २४, पण उजव्या बाजूचे आटे उलटे. माझी ६८ ची निघाली. पण परदेशी बाजारासाठी इंग्लिश आट्यांच्या फ्रेम इटालियन कारागिरांनीही केल्या आहेत. उलट, इंग्लिश आटे खराब झाले की तेच मोठे करून ३६ मिमीचे पाडतात. तेव्हा आटे इटालियन आणि रुंदी ६८ दिसली, तर आधी दुरुस्तीचा विचार करा. एक माप दुसऱ्याशी ताडून बघायचं असतं.

मागच्या ड्रॉपआउटकडे, म्हणजे चाकाचा आस जिथे अडकतो त्या खाचेच्या तुकड्यांकडे, मी बघितलंच नव्हतं. चाक काढलं तेव्हा दिसलं की ते सपाट पत्र्यातून कापलेले आहेत, सगळीकडे सारखीच जाडी. चांगल्या फ्रेमचे घडवलेले असतात, आसाभोवतीचा भाग उठावदार आणि बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं. गिअरसाठी वेगळी पट्टी नटाने अडकवली होती, तीच त्या उजव्या बाजूच्या फोटोत गिअरच्या मागे झाकली गेली होती.

नळी साधी निघाली हे दुःख मी पचवलं असतं. साध्या पोलादाची सायकलही आयुष्यभर चालते. चीड येते ती त्या सुरकुतीची. दुमडलेल्या जागी पुढे तडा जाऊ शकतो, आणि तो उतारावर गेला तर पुढचं चाक हँडलसकट सुटून येतं. हे माहीत असलेल्या माणसाने तिथे लांबी भरली, घासून गुळगुळीत केली आणि वर रंग मारला.

आता मी पैसे बोलायच्या आधी चार फोटो मागतो: पोस्ट काढून सीट ट्यूबच्या तोंडात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) धरलेला, चाक काढून दोन्ही ड्रॉपआउट, कप काढून शेलच्या आत, आणि हेड ट्यूबमागे दोन्ही नळ्यांच्या पोटाचा. समोर फ्रेम असेल तर छोटं, हलकं चुंबक नळीवरून फिरवतो. लांबीच्या जाड थरावर त्याची ओढ एकदम ढिली पडते. डोळे मिटून नळीच्या पोटावरून बोटही फिरवतो, कारण रंगाची चकाकी डोळ्याला फसवते, बोटाला सहसा नाही. मग एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणतो. सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर सारखं भरायला हवं. माझ्या फ्रेमला चार मिलिमीटरचा फरक होता. या तपासणीला विकणाऱ्याने आढेवेढे घेतले तर मी तिथूनच परत फिरतो. विशेषतः ताजा रंग मारलेल्या फ्रेमपेक्षा गंजाचे ठिपके आणि झिजलेली मूळ स्टिकरं असलेली फ्रेम मला हल्ली बरी वाटते, कारण तिच्यावर झालेलं सगळं दिसत असतं.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. “रंगाऱ्याने काय केलं ते मला माहीत नाही,” एवढंच उत्तर आलं, नंतर फोन उचलणं बंद. पैसे परत मिळाले नाहीत. कारागिराला विचारलं तर तो म्हणाला, नळी बदलता येईल, पण या फ्रेमसाठी तेवढी मेहनत करू नका.

ती पुन्हा रंगवून कुणाच्या गळ्यात जाऊ नये म्हणून मी खालची नळी सुरकुतीच्या जागी करवतीने आरपार कापली. कापलेल्या तोंडाशी शिवणीची रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते. कापून काढलेला हातभर तुकडा कामाच्या टेबलावर आहे. जुनी फ्रेम घ्यायला निघालेलं कुणी आलं की मी तो हातात देतो आणि आत बोट घालायला सांगतो.