पुणे की सोलापूर? रोजच्या बोलण्यापुरतं सांगतो

पुण्यातली नोकरी धरून राहायचं की सोलापूरला परतायचं, हे ओळखीतले बरेच जण विचारतात. पगार, ट्रॅफिक, शाळा यांचा हिशेब तुम्ही मांडलाच असेल. मी दोन्हीकडे संसार केलाय, म्हणून रोजच्या बोलण्याचं तेवढं सांगतो. ते कुणी हिशेबात धरत नाही.

पुण्यात बोलणं नेमकं. दोन वाक्यांत काम होतं. पगार किती, लग्नाचं काय, असं विचारत कुणी मागं लागत नाही. एकट्या राहणाऱ्या बाईला किंवा घटस्फोट झालेल्याला ही मोकळीक फार मोलाची आहे, हे मी मनापासून मानतो. सोलापुरात ती मिळणं अवघड. इथं सात रस्ता चौकात तुम्ही कुणाबरोबर चहा घेतलात हे तुमच्या आधी घरी पोचतं.

तरी मी परत आलो, त्याला कारण एक मेसेज. आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकत होतं. खालचे गृहस्थ रोज लिफ्टमध्ये भेटायचे, मान हलवायचे. सांगितलं मात्र सोसायटीच्या ग्रुपवर, फोटोसकट: ‘संबंधितांनी नोंद घ्यावी.’ एक जिना चढून ‘अहो, कुंड्या जरा आत घ्या’ एवढंच म्हणायचं होतं. माणूस वाईट नव्हता, तिथं पद्धतच तशी पडलीय. फोन करायच्या आधीसुद्धा ‘फोन करू का?’ असा मेसेज येतो. मला ते शेवटपर्यंत पचलं नाही.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड, तेही कधी पहाटे तीनला. त्रास आहेच, नाही कशाला म्हणू! पण आमच्या गल्लीत ज्याला आधी कळतं तो चार दारं वाजवतो. “ओ काकू, पाणी आलंय, मोटर लावा!” समोरून कुणीतरी पोराला हाक मारतं, “काय करलालास बे, ऊठ की!” मग पाइप धरून उभ्या उभ्या कुणाच्या मुलीला स्थळ आलंय, कुणाच्या यंत्रमागाला कामगार मिळेना, सगळं निघतं. पूर्व भागातला आमचा दुकानदार नातवाशी तेलुगूत बोलतो, अक्कलकोटच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत. मापाचा हात थांबत नाही.

पुणे-सोलापूर हुतात्मा एक्सप्रेसमध्येही हेच. पुण्याहून निघताना जो तो मोबाइलमध्ये, आणि कुर्डुवाडी येईस्तोवर शेजारचा विचारतो, “कुठल्या पेठेतले तुम्ही?” मला तरी हे दर खेपेला दिसलंय.

प्रश्नांचा जाच वाटत असेल तर पुणं सोडू नका, तिथं सुखात राहाल. घरात म्हातारी माणसं असतील तर मात्र मी सोलापूरच म्हणेन. त्यांना दुपारी बोलायला कुणीतरी लागतं, आणि इथं ते न बोलावता दारात येतं. फक्त घर जुन्या पेठांच्या आसपास बघा. विजापूर रोडकडं नव्या अपार्टमेंट होतायत. खोल्या ऐसपैस, पार्किंगही मिळतं, पण माझा भाऊ तिथं राहतो आणि त्यांच्याकडं पाणी आल्याचं आता ग्रुपवरच कळतं.