गावात राहायचं की कॉलेज रोडला? नाशिकची दोन रूपं, शेजारी शेजारी ठेवून

नाशिककर ‘जरा गावात जाऊन येतो’ म्हणतो तेव्हा तो मेन रोड, भद्रकाली, सराफ बाजार नाहीतर रविवार कारंज्याकडे निघालेला असतो. ‘गंगेवर’ म्हणजे गोदाघाट. कॉलेज रोडला राहणारा माणूसही हेच म्हणतो, म्हणजे आपण राहतो ते गाव नव्हे हे त्याने मान्यच केलेलं असतं. बदली होऊन किंवा निवृत्तीनंतर इथे येणारे बरेच जण विचारतात, जुन्या शहरात घर बघू की कॉलेज रोड-गंगापूर रोडला? माझं बालपण तिवंध्याजवळच्या वाड्यात गेलं आणि आता मी कॉलेज रोडला राहतो. त्यामुळे पक्षपात दोन्हीकडून होईल.

आधी शहर दिसतं कसं ते बघू. होळकर पुलावर (जुनी माणसं अजून व्हिक्टोरिया पूलच म्हणतात) प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभं राहा. उजव्या हाताला, पुलाच्या टोकालाच 1756 चं सुंदरनारायण मंदिर. डावीकडे पंचवटीच्या काठावर 1747 चं नारोशंकराचं मंदिर, आणि आत, घरांच्या दाटीत काळाराम. ‘नाशिक नव टेकांवर (म्हणजे नऊ टेकड्यांवर) वसविले’ ही म्हण शाळेत असताना नुसती पाठ होती. तिचा अर्थ कळला तो सराफ बाजारातून तिवंध्याकडे सायकल ढकलत नेताना. नदीपासून जमीन टप्प्याटप्प्याने चढते, घरं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावतात आणि कळस त्यांच्यावर येतात. ही रचना कुणी आखलेली नाही, पण नजर कुठे थांबायची हे तिथे आपोआप ठरतं.

काळारामाचं शिखर सुमारे 70 फूट, म्हणजे आजच्या सातमजली इमारतीएवढं. कॉलेज रोडला सातमजली इमारतीकडे कुणी मान वर करून बघत नाही. भोवतालचं गाव दोन मजल्यांचं राहिलं म्हणून रामशेजच्या काळ्या दगडाचं ते शिखर लांबून ओळखू येतं. आता त्याच भोवतालात पत्र्यांचे मजले, काळ्या टाक्या आणि फ्लेक्स चढलेत. जुन्या शहराची शोभा गगनचुंबी इमारतींनी बिघडवली असं आपण म्हणतो, पण खरं नुकसान या चौथ्या मजल्यांनी केलंय.

नव्या भागाचं दृश्य खालून बघू नये. रस्त्यावरून दिसतात त्या काचेच्या शोरूम, पार्किंगवर उचललेल्या इमारती आणि झाडांचे शेंडे (झाडं मात्र सुरेख आहेत, हे मान्य). 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीनंतर (राज्याचे बांधकामाचे नियम) गंगापूर रोडच्या पुढच्या टोकाला टॉवर उंच होत चाललेत, पण त्यांच्यात एकही असा नाही की ज्याच्या खुणेने पत्ता सांगावा. वरून बघितलं तर गोष्ट वेगळी. पावसाळा ओसरल्यावर बाराव्या मजल्याच्या गॅलरीतून पश्चिमेला त्र्यंबककडचे डोंगर दिसतात, ती संध्याकाळ गावातल्या माडीवरून मिळत नाही. थोडक्यात, गावात तुम्ही चित्राच्या आत असता आणि टॉवरमध्ये प्रेक्षक. मला आत असणं आवडतं, पण माझ्या आईला गॅलरी आवडते, आणि घरात तिचंच चालतं.

बाजारपेठ म्हणून बघाल तर तुलना एकतर्फी आहे. भांडीबाजारात तांब्या-पितळेची दुकानं, सराफ बाजारात पेढ्या, बुधवारी गंगेवर आठवडे बाजार, आणि सगळं पायी. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथे रस्त्याखाली पेशवेकालीन रहाडी (दगडी हौद) गाडलेल्या आहेत. वर्षभर त्यांच्यावरून स्कूटर जातात आणि रंगपंचमीला उघडून त्यात रंगीत पाण्यात उड्या मारल्या जातात. कॉलेज रोडची गर्दी तरुण आहे, 1924 पासूनच्या एचपीटी कॉलेजच्या भोवती वाढलेली. कॉफी, चाट, कपडे, क्लासेस. संध्याकाळी तिथे खरी जान असते, आणि मेन रोडची शटर पडल्यावरही ती टिकते. पण त्याच दुकानांच्या पाट्या पुण्यातही दिसतात.

आता गैरसोयी. गावात चारचाकी असणं ही शिक्षा आहे. वाडे सागवानी खांबांचे, देखणे, आणि पावसाळ्यात भीतीचे. दर जूनमध्ये धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात. त्यात भाडेकरू-मालकांचे जुने वाद. नदीकाठच्या काझीच्या गढीची, म्हणजे मातीच्या उंच टेकाडाची, माती तर दर पावसाळ्यात ढासळते. 1950-51 च्या उत्खननात याच मातीत शहराचे दोन हजार वर्षांहून जुने थर सापडले, आणि वर लोक राहतात.

पुराचं मोजमाप इथे गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून होतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ‘कमरेला लागलं का, गळ्याशी आलं का’ अशी विचारणा सुरू होते. 2008 आणि 2016 मध्ये सराफ बाजार, भांडीबाजारात पाणी शिरलं. मात्र गंगापूर रोडला ‘नदीचं दृश्य’ म्हणून विकले जाणारे फ्लॅट पुराबाहेर आहेत असं गृहीत धरू नका. निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या) दोन्हीकडे बघायची, आणि बिल्डरच्या माहितीपत्रकात नाही, महापालिकेच्या नकाशावर. रेल्वेचं म्हणाल तर नाशिकरोड स्टेशन दोन्हींपासून लांबच, गावातून 9-10 किलोमीटर. 2027 च्या सिंहस्थात रामकुंडाभोवती बॅरिकेड लागतील तेव्हा पंचवटीकराला स्वतःच्या घरी जायला वळसा पडेल, हेही धरून चाला.

म्हणून माझं मत असं. लहान मुलं, गाडी आणि गुडघेदुखीचे आईवडील सोबत असतील तर कॉलेज रोड, फार विचार न करता. एकटे असाल, किंवा दोघंच, आणि शहर चालत बघायची हौस असेल तर पंचवटीत टेकाच्या वरच्या अंगाला वर्षभर भाड्याने राहा. विकत घेऊ नका, निदान एक ऑगस्ट बघितल्याशिवाय. वाडा विकत घ्यायचाच असेल तर आधी वकील, मग सुतार, मग इसार (बयाण्याचे पैसे).

घर बघायला रविवारी दुपारी येतात सगळे, तेव्हा दोन्ही भाग झोपलेले असतात. बुधवारी या. पाचला होळकर पुलावरून उतरून बाजारातून भाजी घ्या, काळारामापर्यंत चढून जा, आणि आठच्या सुमारास रिक्षाने कॉलेज रोड गाठा. ती भाजीची पिशवी कुठल्या घरी न्यावीशी वाटली तेवढं मला कळवा.