फोर-के अडकतंय: वायर टाकावी, मेश घ्यावं की प्लेअर बदलावा?

फोर-के चित्रपट लावला, पहिली दहा मिनिटं झकास गेली आणि ऐन पाठलागाच्या प्रसंगात पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं, की बहुतेकांचा हात आधी इंटरनेटचा प्लॅन वाढवण्याकडे जातो. बिल वाढतं, चक्र फिरतच राहतं. कारण तुंबलेलं असतं ते घरातच कुठेतरी, आणि ते नेमकं कुठे हे कळल्याशिवाय कुठलाही उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड.

म्हणून आधी एक प्रश्न. तुम्ही पाहताय ते बाहेरून येतंय की घरातल्याच हार्ड डिस्कवरून? नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएसचा (सेकंदाला इतके मेगाबिट) वेग सुचवतं, यूट्यूब २०. शिवाय वेग घसरला की या सेवा गुपचूप चित्राचा दर्जा उतरवतात आणि गाडी चालू ठेवतात. घरच्या सर्व्हरवर (फाइली साठवून टीव्हीला पुरवणाऱ्या संगणकावर) फोर-के ब्लू-रेची जशीच्या तशी फाइल असेल तर मात्र खेळ वेगळा. दोन तासांची ६० जीबीची फाइल घ्या: ६०,००० मेगाबाइट गुणिले ८ बिट, भागिले ७,२०० सेकंद, म्हणजे सरासरी साधारण ६७ एमबीपीएस. ही झाली सरासरी. पाऊस, धूर, समुद्राच्या लाटा असल्या दृश्यांत तीच फाइल काही सेकंद १००च्या वर उडी मारते, आणि मूळ फाइल थेट चालत असेल तर दर्जा उतरवण्याची सोय नसते.

फुकटचे उपाय आधी

टीव्ही वाय-फायवर असेल तर तो २.४ गिगाहर्ट्झवर बसलाय का ते बघा. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यांत आजूबाजूच्या सगळ्या घरांची गर्दी. ५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर दमतो, पण टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत किंवा मध्ये एखादी भिंत असेल तर फोर-केला तोच हवा. राउटरच्या खोक्यावरच्या १२००च्या आकड्याला भुलू नका. तो दोन्ही पट्ट्यांची बेरीज असतो, ३०० अधिक ८६७, आणि टीव्ही एका वेळी एकच पट्टा वापरतो. ८६७ पैकी हातात निम्मे पडले तरी पुष्कळ.

राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात कोंबला असेल तर आधी तो बाहेर काढा. आणि रोजचं अडकणं नसून कधीतरी एकदम मिनिटभर सगळंच बंद पडत असेल, तर राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ५२ ते १४४ मधला आहे का ते तपासा. बहुतेक देशांत हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात आणि रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडावेच लागतात. ३६ ते ४८ मधला एक पक्का करून टाका.

वायर, आणि वायरीतली मेख

वायर टाकता येत असेल तर पुढचे पर्याय वाचायचीही गरज नाही, असं मी पूर्वी बिनधास्त सांगायचो. मग स्वतःच्या घरी तोंडघशी पडलो. नवी कोरी कॅट-६ वायर, गिगाबिट (१,००० एमबीपीएसचा) स्विच, सगळं नीट, आणि तरीही मोठ्या फाइली ठराविक प्रसंगांना अडकायच्या. तीच वायर टीव्हीतून काढून लॅपटॉपला लावली, आयपर्फ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर ९४० एमबीपीएस. परत टीव्हीला लावली आणि स्विचवरच्या दिव्याचा रंग बदलला, म्हणजे जोडणीचा वेग उतरला. दोष टीव्हीच्याच पोर्टात होता. बहुतेक स्मार्ट टीव्हींचं नेटवर्क पोर्ट अजूनही १०० एमबीपीएसचंच असतं. प्रत्यक्षात ९४-९५ मिळतात. म्हणजे ऑनलाइन सेवांना चिक्कार, पण ब्लू-रेच्या फाइलीला ऐन मोक्याला अपुरे. गंमत म्हणजे त्याच टीव्हीचं ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय वायरीपेक्षा जास्त वेग देत होतं, आणि मी शिडीवर चढून टाकलेली वायर शेवटी उपसून ठेवली.

तेव्हा निवड अशी: फक्त ऑनलाइन बघत असाल तर वायर, डोळे झाकून. वेगापेक्षा तिचा भरवसा मोलाचा. घरच्या मोठ्या फाइली बघत असाल तर वायर टीव्हीला न लावता गिगाबिट पोर्ट असलेल्या वेगळ्या प्लेअरला लावा. काही टीव्हींना यूएसबीवरचं गिगाबिट ॲडॉप्टर चालतं, सगळ्यांना नाही. आणि गिगाबिट लॅपटॉपवरही वेग ९५ला अडत असेल तर वायरीच्या टोकांचे क्लिप तपासा. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात. एक तार जरी सुटली तरी जोडणी बऱ्याचदा मुकाट्याने १००वर उतरते.

वायर नेताच येत नाही तेव्हा

मेश (घरभर ठेवलेली, मिळून एकच नेटवर्क चालवणारी वाय-फाय केंद्रं) आणि साधा रिपीटर यांत मी रिपीटर सरळ बाद करतो. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. मेशमध्येही हेच होऊ शकतं. फरक पडतो तो केंद्रांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा तिसरा पट्टा राखलेला असेल तर. दुसरं केंद्र टीव्हीशेजारी नको, राउटर आणि टीव्हीच्या अधेमध्ये हवं.

विजेच्या वायरिंगमधून नेटवर्क नेणारे ॲडॉप्टर ही लॉटरी आहे. खोक्यावर १२००, हातात शंभर-दोनशे आले तरी नशीब, आणि कुणी मिक्सर लावला की तेही डळमळतात. घ्यायचेच तर परत करता येतील अशा बोलीवर घ्या आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा; सर्ज प्रोटेक्टर सिग्नल खातो. दोन्ही खोल्यांत टीव्हीची जुनी कोॲक्शियल केबल असेल तर तिच्यावरून नेटवर्क नेणारे मोका ॲडॉप्टर कितीतरी सरस, २.५ जीबीपीएसपर्यंतचं तंत्र आहे. फक्त त्याच केबलवरून डिश अँटेनाचा सिग्नल जात असेल तर सहसा जमत नाही.

नेटवर्क ठणठणीत, तरी अडकतंय

इथे प्लेक्स किंवा जेलीफिन (घरच्या फाइली टीव्हीवर दाखवणारी सर्व्हर सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी चित्रपट चालू असताना सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडावा. ‘डायरेक्ट प्ले’ (मूळ फाइल जशीच्या तशी) लिहिलं असेल तर सर्व्हर सुटला. ‘ट्रान्सकोड’ (फाइल चालता चालता दुसऱ्या रूपात बदलणं) लिहिलं असेल तर बहुधा नेटवर्कचा दोष नाही, सर्व्हरचा प्रोसेसर घामाघूम झालाय. बऱ्याचदा कारण क्षुल्लक निघतं: ब्लू-रेची सबटायटल्स म्हणजे अक्षरं नसून चित्रं असतात, आणि ती दाखवता न येणाऱ्या प्लेअरसाठी सर्व्हर अख्खा चित्रपट नव्याने रंगवत बसतो. सबटायटल्स बंद करून पाहा. चक्र थांबलं तर सबटायटल्सची साध्या अक्षरांतली एसआरटी फाइल जोडा, काम झालं. नाहीतर दोन वाटा. सर्व्हरला इंटेलचा सातव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा, आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर द्यायचा, तो १०-बिट एचईव्हीसी (फोर-के ब्लू-रेचा व्हिडिओ फॉरमॅट) हार्डवेअरमध्ये हाताळतो. प्लेक्समध्ये ही सोय पैसे भरल्यावर मिळते, जेलीफिनमध्ये फुकट. किंवा सगळे फॉरमॅट स्वतःच वाचणारा प्लेअर टीव्हीला लावायचा. बघणारा टीव्ही एकच असेल तर मी प्लेअर घेईन. बघणारे चार, तेही घराबाहेरून, असतील तर सर्व्हर.

प्लॅन वाढवण्याची वेळ एकच: लॅपटॉप राउटरला वायरीने जोडलाय, घरातलं बाकी सगळं बंद आहे, प्लॅनचा पूर्ण वेग मिळतोय, आणि तरीही दोन-तीन टीव्ही एकदम चालले की तो पुरत नाही. पूर्ण वेगच मिळत नसेल, रोज रात्री तो खाली येत असेल, तर चार दिवस वेळ आणि आकडा लिहून ठेवा आणि तो कागद समोर घेऊन तक्रार करा.