एस-१० एक्स्ट्रीम, ४.३ व्ही६: एक हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

प्रोजेक्टसाठी जुनी, बुटकी, स्पोर्ट पिकअप शोधणाऱ्यांना शेव्हरोलेची एस-१०, फोर्डची रेंजर स्प्लॅश, निसानची हार्डबॉडी ही नावं नव्याने सांगायला नकोत. मी २००१ ची एक्स्ट्रीम, म्हणजे एस-१० चीच स्पोर्ट आवृत्ती घेतली, ऑटोमॅटिक. तिचं झेडक्यू८ नावाचं कडक स्पोर्ट सस्पेन्शन न्यू जर्सीच्या खड्ड्यांत कंबर हलवतं, पण वळणावर मजा आणतं. त्यावर एवढंच, कारण लिहायला बसलोय ते फ्युएल पंपाबद्दल.

किराणा घेऊन बाहेर आलो तर इंजिन गरगर फिरतंय, पण पेट घेत नाही. ४.३ लिटर व्ही६ इंजिनवाल्यांनी हा आकडा पाठच करावा: चावी फिरवल्यावर पेट्रोलच्या लाइनवरच्या टेस्ट पोर्टवर ६० ते ६६ पीएसआय दाब हवा. इतर बरीच इंजिनं कमी दाबावर कशीबशी चालतात. याचा मूळ ‘स्पायडर’, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला नळीने पेट्रोल पोचवणारा इंजेक्टरचा जोड, चालत नाही, कारण त्याच्या नळ्यांच्या टोकाचे पॉपेट व्हॉल्व्ह पेट्रोलच्या दाबानेच उघडतात. माझ्या गेजवर ५० सुद्धा दिसेना.

पंप आधीच्या मालकाने बदललेला. पावती कागदांत होती, त्यावर आजीवन वॉरंटी. पार्ट्सच्या दुकानात गेलो तर वॉरंटी म्हणे मूळ खरेदीदारापुरती. पावती त्यांचीच, पार्ट नंबर तोच, मॅनेजरपर्यंत गेलो, तरी नाही म्हणजे नाही. आणि दिला असता तरी नुसता पंप, मजुरी आपल्याच खिशातून. आपण विकलेली वस्तू बिघडलेली समोर दिसत असताना माणसाला असं परत पाठवणं मला अजिबात पटलेलं नाही.

गॅरेजवाल्याने टाकी उतरवायची जी मजुरी सांगितली त्यात चार चांगले टायर आले असते. म्हणून टाकी खाली काढण्याऐवजी तिच्यावरचा, सामान ठेवायचा मागचा हौदाच वर उचलला, आणि तिथे या गाडीवर माझा जीव जडला. बोल्टांवर रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. पेट्रोल भरायच्या नळीचे स्क्रू काढले, टेललाइटचं वायरिंग आणि अर्थिंगची पट्टी सोडवली, चौघांनी मिळून हौदा बाजूला ठेवला. भरलेली टाकी जागची हलली नाही आणि पंपाची लॉक रिंग थेट हाताशी! वर चॅसी उघडी पडल्यामुळे ब्रेकच्या नळ्या तपासल्या, तारेच्या ब्रशने घासून रंगही मारला. प्रोजेक्टची गाडी अशीच असावी, जिथे मालकाचा हात पोचतो.

मात्र ते बोल्ट सुटले ते गाडी नॉर्थ कॅरोलायनात चाललेली होती म्हणून. इकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, त्यात वाढलेल्या गाडीचे बोल्ट जागीच फिरतात किंवा तुटतात. शोधताना माझा एक हट्ट होता: व्हीआयएनचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, ११ वं अक्षर ‘के’ हवं, म्हणजे इथल्या लिंडनच्या कारखान्यातली. तो कारखाना २००५ मध्ये बंद पडला, त्यामुळे जास्तच ओढ. मिळाली ती ‘८’ ची, श्रीव्हपोर्टची, आणि आता वाटतं बरंच झालं. गंज पाहायचा तर गाडी कुठे बनली हे सोडा, कुठे चालली ते विचारा. बॉडीवरचा ओरखडा चालेल, चॅसीचा पापुद्रा नको.

घेताना मनात व्ही८ होतं. ४.३ म्हणजे शेव्हरोलेच्या ‘३५० स्मॉल ब्लॉक’ या व्ही८ मधून दोन सिलिंडर कमी केलेलं इंजिन. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेलहाउसिंगचे बोल्ट जुळतात, म्हणून तर लोक एस-१० च्या मागे लागतात. पण पंपाबरोबर मी स्पायडरही बदलला, पॉपेटच्या जागी टोकाला इंजेक्टर असलेला, आणि माझं मत पालटलं. थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होतं, हायवेला चढताना मागे रेटतं. व्ही८ टाकायचं तर मागचा ७.६२५ इंची अ‍ॅक्सलही बदलावा लागेल, नाहीतर तो आधी जाईल. तो खर्च आता मी करत नाही. त्याऐवजी ब्रेक, बुश आणि सीटचं कापड. रेंजर स्प्लॅश दिसायला आजही जास्त आवडते, पण पुन्हा घ्यायची झाली तर एस-१०च घेईन. फक्त गाडी बघायला जाताना प्रेशर गेज बरोबर ठेवेन.