दूध संस्थेसाठी एएमसीयू सेट घेतला, दोन वर्षांचा खरा अनुभव

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत मी सचिव आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही मापाचं आणि हातानं लिहायचं काम बंद करून ऑटोमॅटिक संकलनाचा सगळा सेट, म्हणजे एएमसीयू (ऑटोमॅटिक मिल्क कलेक्शन युनिट), बसवला. इलेक्ट्रॉनिक काटा, दुधातली फॅट ध्वनिलहरींनी मोजणारा अल्ट्रासोनिक मिल्क अ‍ॅनालायझर, कॉम्प्युटर, पावतीचा छोटा प्रिंटर आणि डेअरीचं सॉफ्टवेअर असं मिळून सव्वा लाखाच्या आसपास खर्च आला. आजूबाजूच्या गावातले सचिव, चेअरमन सारखे फोन करून विचारतात की घ्यावा का, कसा चालतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मशीन चांगलं आहे. पण नुसतं मशीन घेऊन पहिले तीन महिने आमची संस्था तोट्यात गेली, ते आधी सांगतो.

संस्थेचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपण सभासदाला पैसे देतो ते आपल्या मशीनच्या फॅटवर, आणि आपलं दूध घेणारा दूध संघ आपल्याला पैसे देतो ते त्यांच्या लॅबमधल्या फॅटवर. मधे संस्था उभी. आपल्या मशीननं पॉइंट दोन जास्त दाखवलं की ते पैसे संस्थेच्या पदरचे जातात, आणि कमी दाखवलं की सभासद दुसऱ्या दिवशी किटली घेऊन खाजगी डेअरीच्या दारात. म्हणजे सगळा कारभार, दहा दिवसाचं बिल, दिवाळीला वाटायचा दरफरक, सगळं त्या एका आकड्यावर. आमची पहिल्या तीन महिन्यांची म्हशीची सरासरी फॅट निघाली ६.९ आणि संघाकडं तेच दूध लागलं ६.६. दिवसाला साडेचारशे लिटर म्हशीचं दूध आहे आमचं, मग तुम्हीच हिशोब करा.

डीलरचा माणूस बसवायला आला तेव्हा दीड तास थांबला. हे बटण दाबा, इथं पाइप बुडवा, इथनं पावती येते, झालं. पुस्तक दिलं ते इंग्रजीत. कॅलिब्रेशन म्हणजे काय हे आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पुढं फोन केला की "सर मशीन ओके आहे, तुमचं दूधच तसं असेल". कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, कारण मशीन खरंच ओके होतं, अर्धवट राहिलं होतं ते शिकवणं.

आता यातलं मला पुढं कळलेलं सांगतो. आपल्याकडं विकले जाणारे हे अल्ट्रासोनिक अ‍ॅनालायझर बरेचसे बल्गेरियात बनलेले असतात. कारखान्यातनं येताना त्यात गाय, म्हैस असे वेगवेगळे चॅनल, म्हणजे मोजायची सेटिंग, भरलेले असतात, पण ते तिथल्या दुधावर बसवलेले. आपल्या भागातली म्हैस, आपली वैरण, आपलं दूध यावर ते परत जुळवून घ्यावं लागतं, यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. ही गोष्ट नवी नाही हो. डेन्मार्कचं मिल्कोटेस्टर हे फॅट मोजायचं यंत्र भारतात आलं तेव्हा ते आणून ठेवून भागलं नव्हतं, जयपूरला १९८१ साली राजस्थान इलेक्ट्रॉनिक्स अँड इन्स्ट्रुमेंट्स ही सरकारी कंपनी निघाली, तिनं इलेक्ट्रॉनिक मिल्क टेस्टर इथं बनवले, म्हणून ते गावोगावच्या संस्थांत टिकले. यंत्र एका देशातनं दुसऱ्या देशात ट्रकनं, जहाजानं येतं, पण ते चालवायची अक्कल माणसानं माणसाला द्यावी लागते, त्याला दीड तास पुरत नाही.

आमचं नशीब की पलीकडच्या तालुक्यातला एक टेक्निशियन मुलगा भेटला. दोन दिवस आमच्याकडं राहिला. पहिल्या सकाळी त्यानं मशीनला हातच लावला नाही, कपाटातनं जुनं गर्बरचं, म्हणजे फॅट हातानं काढायच्या जुन्या पद्धतीचं, सामान काढायला लावलं. आमचे जुने टेस्टर मामा आहेत, त्यांना बोलावलं. ब्युटिरोमीटरमधे, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीत, १० मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, वरनं १०.७५ मिली दूध सावकाश नळीच्या कडेनं, मग १ मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावून फडक्यात धरून हलवायचं, काच हातात भाजेल इतकी तापते आणि दूध कॉफीसारखं तपकिरी होतं. सेंट्रिफ्यूजमधे पाच मिनिटं, ६५ डिग्रीच्या पाण्यात ठेवायचं आणि मग नळीत पिवळी पट्टी उभी राहते ती वाचायची. मामांचा हात अजून जरासुद्धा हलत नाही. असे दहा सॅम्पल गर्बरनं काढले, तेच दहा मशीनवर लावले आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले. म्हशीच्या चॅनलला मशीन प्रत्येक वेळी पॉइंट तीनच्या आसपास वर दाखवत होतं. म्हणजे आमचा तोटा तिथंच, डोळ्यासमोर. त्यानं सेटिंगमधे तेवढं खाली घेतलं आणि ते कसं घ्यायचं हे माझ्याकडनं तीनदा करून घेतलं.

आता एखाद्याला वाटेल की मशीन वर दाखवत होतं म्हणजे सभासदांचा फायदाच होत होता. तसंही नाही. आमच्या गल्लीतल्या एक काकी आहेत, एक म्हैस, सकाळी अडीच लिटर. त्यांना जुन्या काळी ६.८, ७ लागायची, नवीन मशीनवर ५.९ यायला लागली. रोज पावती हातात घेऊन म्हणायच्या, "आरं म्हस तीच, वैरण तीच, पेंड तीच, मग माझी फॅट गेली कुठं?" मी म्हणायचो काकी मशीन खोटं बोलत नाही. ते शब्द मला अजून टोचतात. कारण शोधल्यावर निघालं काय, तर तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडं गाय होती, ती विकली, पण जुन्या रजिस्टरवरनं कॉम्प्युटरला सभासद यादी भरताना त्यांच्या कोडपुढं गायच राहिली. संकलनाचा मुलगा पावती करताना हातानं म्हैस निवडायचा म्हणून दर म्हशीचा लागायचा, पण अ‍ॅनालायझरला गायीचाच चॅनल जायचा, आणि म्हशीचं दूध गायीच्या मापानं मोजलं जायचं. पाच महिने. संचालक मंडळात विषय घेऊन आम्ही त्यांचा सगळा फरक काढून दिला. मग सगळी यादी परत तपासली, घरोघरी जाऊन, तर ४७ आणि ७४ असे दोन कोड उलटेपालटे झालेले सापडले, एकाच्या दुधाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जात होते आणि दोघंही भले म्हणून बोलले नव्हते.

एसएनएफचा, म्हणजे दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन भागाचा, घोळ वेगळाच. मशीन फॅट आणि एसएनएफ दाखवतं, पण संघाकडं दुधाची डिग्री (घनतेचा आकडा) लॅक्टोमीटरनं घेऊन सूत्रानं एसएनएफ काढतात. सूत्रं एकापेक्षा जास्त चालतात. एकात डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२१ पट, अधिक ०.३६. दुसऱ्यात फॅटच्या ०.२५ पट आणि शेवटी ०.४४. समजा म्हशीचं दूध आहे, डिग्री २८, फॅट ६.५. पहिल्यानं एसएनएफ येते ८.७३ आणि दुसऱ्यानं ९.०७. दूध एकच, लॅक्टोमीटर एकच, आणि ६ फॅट, ९ एसएनएफ अशा दराच्या बेसवर ते एका सूत्रानं पास, दुसऱ्यानं कपातीत. त्यामुळं सॉफ्टवेअर घेताना आधी संघाला विचारा तुमचं सूत्र कुठलं, आणि तेच आत आहे का ते स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन बघा, डीलरच्या हो ला हो करू नका.

अजून एक, दशांशाचं. आमचं सॉफ्टवेअर मशीनवरचं ६.४८ घेऊन पावतीवर ६.४ करत होतं, पुढचा आकडा सरळ कापायचं. दरपत्रक ०.१ च्या टप्प्यानं असतं, म्हणजे प्रत्येक सभासदाचा रोज थोडा थोडा पैसा जात होता आणि कुणाला दिसतही नव्हता. ते सेटिंग बदलून घेतलंय.

आता रोजच्या वापराबद्दल. काटा उत्तम, फक्त टेबल हललं नाही पाहिजे आणि सकाळी रिकामं भांडं ठेवून शून्य केलं पाहिजे. अ‍ॅनालायझरला ताजं फेसाळ दूध लगेच लावलं की हवेच्या बुडबुड्यांनी आकडा चुकतो, दोन मिनिटं थांबायचं, सॅम्पल घेताना दूध तळापासनं ढवळायचं. संकलन संपलं की गरम पाण्यानं धुणं आणि ठरलेल्या दिवशी क्लीनिंगचं लिक्विड, यात हयगय केली की आत पांढरा थर बसतो. गावात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं म्हणून यूपीएस पाहिजेच. आणि भेसळीबद्दल, आमच्यासारख्या साध्या मॉडेलला युरिया, डिटर्जंट कळत नाही, पाणी घातल्याचा अंदाज तेवढा देतं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

पावतीचा कागद थर्मल असतो, खिशात घामानं आणि उन्हानं महिन्यात कोरा होतो. पहिल्या दिवाळीला फरक वाटताना सभासद कोऱ्या पावत्यांची पुडकी घेऊन आले, काय दाखवणार बिचारे. आता दर दहा दिवसाला पासबुकात छापून देतो आणि मोबाइलवर मेसेज जातो, तरी म्हाताऱ्या माणसांना पासबुकच बरं वाटतं आणि ते बरोबर आहे.

सध्याची स्थिती. संघाची आणि आमची फॅट पॉइंट एकच्या आत जुळते. आधी खाजगीकडं गेलेल्यांपैकी अकरा सभासद परत आले. बिल ठरलेल्या दिवशी बँकेत जमा होतं, आधी दोन दिवस उशीर ठरलेला असायचा कारण मी रात्री बसून बेरजा करत होतो. रांगही निम्म्या वेळात संपते. दर सोमवारी मामा पाच सॅम्पल गर्बरवर काढतात, आकडे रजिस्टरला आणि बाहेर फळ्यावर लिहितो, कुणीही बघावं.

मशीनला माझ्याकडनं पाचपैकी चार, पहिल्या डीलरच्या ट्रेनिंगला एक. घेताना पैशाचा शेवटचा हप्ता अडवून ठेवा आणि करारात लिहून घ्या की पंधरा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी माणूस येऊन तुमच्या दुधावर गर्बरशी जुळवून देईल, आणि तुमच्यातल्या दोघांना ते शिकवून जाईल. दोघं पाहिजेत, एक जण आजारी पडतोच. आमचं सोमवारचं रजिस्टर कुणाला बघायचं असेल तर सकाळी साडेसातनंतर या, तोवर रांग असते आणि मला मान वर करायला सवड नसते.