लढाऊ इंजिनाचे भाग: डेव्हलपमेंटचं काम घ्यावं की प्रॉडक्शनचं?

गेल्या दिवाळीपासून तिघांनी मला हाच प्रश्न विचारलाय. एक सातपूरचे, दोघं चाकणचे. तिघांकडे फाइव्ह-ॲक्सिस मशीन आहे, एएस 9100 हे विमान उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालंय किंवा मिळण्याच्या बेतात आहे, आणि तिघांच्या टेबलावर दोन चौकशा पडून आहेत. एक अजून घडत असलेल्या इंजिनाच्या भागांची, म्हणजे डेव्हलपमेंटची; दुसरी परदेशी परवान्यावर आपल्याकडे बनणाऱ्या इंजिनाच्या भागांची, म्हणजे प्रॉडक्शनची. भोसरीत मी सहा वर्षं दोन्ही कामं शेजारशेजारच्या मशीनवर केली आणि शेवटी एकच ठेवलं. त्याच अनुभवावर लिहितोय.

प्रॉडक्शन म्हटलं की ऑटोच्या सवयीने आपल्याला हजारांतले आकडे दिसतात. ते आधी डोक्यातून काढा. सप्टेंबर 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयाने एचएएलशी, म्हणजे सरकारी विमान कंपनी हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी, सुखोई-30 साठी 240 एएल-31एफपी इंजिनांचा करार केला, 26,000 कोटींहून जास्त रकमेचा. काम ओडिशातल्या कोरापूटला, मुदत आठ वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण 30 इंजिनं. एका इंजिनात तुमची एक रिंग बसत असेल तर वर्षाला 30 रिंगा. लढाऊ इंजिनातलं मोठं प्रॉडक्शन ते एवढंच. आता दुसरी बाजू. तेजससाठी देशातच घडवायला घेतलेलं कावेरी इंजिन 1989 मध्ये मंजूर झालं, आणि त्या प्रकल्पात 9 पूर्ण इंजिनं आणि 4 कोअर, म्हणजे इंजिनाचे नुसते गाभे, तयार झाले. इतक्या वर्षांत सगळे मिळून 13 संच, त्यामुळे एका ऑर्डरीत दोन-तीनच नग. म्हणजे निवड हजार नग आणि तीन नग यांच्यात नाहीच, तीस आणि तीन यांच्यात आहे. पण या तीस आणि तीनमध्येच तुमचा सगळा हिशेब बसतो.

माझ्या वहीतलं एक उदाहरण देतो. पातळ भिंतीची, इन्कोनेल 718 या उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूची रिंग. फिक्स्चर, प्रोग्रॅमिंग, फर्स्ट आर्टिकलची (पहिल्या नगाची) पूर्ण तपासणी आणि पहिल्या दोन नगांवर शिकताना गेलेले दिवस, हा खर्च तीन नगांच्या मजुरीपेक्षा जास्त झाला. तीस नगांवर तोच खर्च मुकाट पचतो. शिवाय इन्कोनेल स्टीलसारखं कापता येत नाही. कटिंग स्पीड चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आणावा लागतो, आणि इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, कधी जाईल ते कानाला कळायला वर्ष लागतं. हे शिक्षण दोन्ही कामांत सारखंच महाग. फरक एवढाच की प्रॉडक्शनमध्ये त्याची फी पुढच्या ऑर्डरींतून वसूल होते, डेव्हलपमेंटमध्ये पुढची ऑर्डर येईल की ड्रॉइंगच बदलेल, हे ड्रॉइंग काढणाऱ्यालाही माहीत नसतं.

मालाचंही तसंच. तीन नगांपुरता बार कुणी देत नाही. उरलेला तुकडा हीट नंबरसकट (धातूच्या घाण्याच्या क्रमांकासकट) रॅकवर पडून राहतो, आणि दुसऱ्या प्रकल्पाला वापरायचा तर त्याचं प्रमाणपत्र चालत नाही. माझ्याकडे असे चार तुकडे आहेत. बँकेच्या माणसाला ते भंगार वाटतात.

तर निव्वळ पैशाच्या बाजूने पाहिलं तर प्रॉडक्शनचं पारडं जड आहे, हे मान्य. मात्र प्रॉडक्शन म्हणजे अखंड काम असं कुणी सांगत असेल तर तेजसच्या अमेरिकन एफ404 इंजिनाचं उदाहरण लक्षात ठेवा. तेजसची 65 इंजिनं देऊन झाल्यावर 2016 नंतर नवी ऑर्डर नव्हती, तेव्हा ते बनवणाऱ्या जीई कंपनीने त्या मॉडेलची लाइनच बंद केली. 2021 मध्ये एचएएलने 99 इंजिनं मागवली, 5,375 कोटींची. पाच वर्षं थंड पडलेली लाइन पुन्हा उभी करायला वेळ गेला आणि त्यातलं पहिलं इंजिन मार्च 2025 मध्ये हातात आलं. जीईसारख्या कंपनीची ही गत, तर त्या साखळीच्या टोकाला बसलेल्या पंधरा माणसांच्या कारखान्याने मधली वर्षं काय करायचं? परदेशी इंजिनाच्या कामात लाइन चालू ठेवायची की बंद करायची हे अनेकदा आपल्या देशातही ठरत नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो. पैशाच्या मानाने ती बारीक वाटेल.

प्रॉडक्शनच्या कामात आमच्याकडे एक रिंग होती, वरच्या टप्प्यावरच्या कारखान्याकडून आलेली. प्रोसेस शीट, म्हणजे काम कसं करायचं याचा मंजूर कागद, गोठवलेली. रफिंग (जाड कापणी) आणि फिनिशिंग एकाच पकडीत, मध्ये न सोडता करायचं, क्रम ठरलेला, इन्सर्टचा ग्रेडसुद्धा ठरलेला. क्लॅम्प सोडला की रिंग किंचित लंबगोल व्हायची. टॉलरन्समध्ये बसायची, पण काठावर. दर चार-पाच नगांमागे एकाला डेव्हिएशन, म्हणजे सवलतीची मंजुरी, मागावी लागायची, आणि एकेका नगामागे सीएमएम या मोजणीच्या मशीनवर अर्धा दिवस. आमचे जुने सेटर, आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात उपाय सांगितला. रफिंगनंतर थोडा माल ठेवून रिंग सोडायची, तिचा ताण मोकळा होऊ द्यायचा, मग दोन्ही बाजूंनी सारखा माल काढत फिनिश करायचं. टाकाऊ तुकड्यावर करून पाहिलं. रिंग गोल आली.

बदलाची परवानगी मागितली. कागद आमच्याकडून वर, तिथून आणखी वर, तिथून परदेशात. सात महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: मंजूर प्रोसेसप्रमाणेच करावं. ते सात महिने आणि त्यानंतरही काका रोज स्वतःला माहीत असलेल्या चांगल्या पद्धतीऐवजी कमी चांगल्या पद्धतीने रिंगा कापत राहिले. यात कुणाची चूक काढत नाही. इंजिनात माणूस बसतो, प्रोसेस गोठवण्याला कारण आहे. मला खुपलं ते वेगळंच. मी विचारलं की का नको, क्रम बदलल्याने नेमकं काय बिघडेल. त्या अख्ख्या साखळीत भारतात बसलेल्या एकाकडेही याचं उत्तर नव्हतं. नियम पाळणारे होते, कारण जाणणारा कुणी नव्हता.

त्याच काळात शेजारच्या मशीनवर डेव्हलपमेंटचा तसलाच भाग होता. तिथंही रिंग लंबगोल होत होती. डिझाइनचा तरुण इंजिनिअर रात्रीच्या बसने आला, दिवसभर मशीनपाशी उभा राहिला, काकांना प्रश्न विचारले, ड्रॉइंगवर पेन्सिलने खुणा केल्या. दोन आठवड्यांत सुधारित ड्रॉइंग आलं आणि त्यात काकांचा क्रम होता. अर्थात, पुढच्याच महिन्यात त्याच ड्रॉइंगची आणखी एक आवृत्ती आली, फिक्स्चर पुन्हा करावं लागलं आणि त्या महिन्याचं बिल अडकलं. तो त्रास खरा आहे, कमी करून सांगणार नाही. पण त्या त्रासातून आमच्या वहीत काहीतरी जमा होत होतं.

आता मोठ्या आकड्यांकडे पाहा. कावेरीला 1989 मध्ये 382.81 कोटी मंजूर झाले आणि 1996 पर्यंत काम पुरं व्हायचं होतं. वेळही टळली, खर्चही वाढला, सुमारे 2,035 कोटींवर गेला. यावरून पुष्कळ टीका झाली आणि तेजसला शेवटी एफ404 च लागलं, हे खरंच. पण 26,000 कोटींना 240 इंजिनं म्हणजे एका एएल-31एफपीचे साधारण 108 कोटी. कावेरीवरचा तो सगळा खर्च आजच्या एकोणीस इंजिनांच्या किमतीइतका आहे. वेगवेगळ्या वर्षांचे रुपये आहेत, इंजिनंही वेगळ्या ताकदीची, म्हणून तुलना ढोबळ समजा. तरी मला वाटतं, एवढ्या पैशात तीन हजार तासांहून जास्त चाचण्या आणि रशियात आयएल-76 या मालवाहू विमानाला बांधून केलेली उड्डाणं आपल्या माणसांनी केली असतील, तर ती रक्कम पाण्यात गेली म्हणणं घाईचं आहे. त्याच इंजिनाचं आफ्टरबर्नर (जादा जोर देणारा मागचा भाग) नसलेलं रूप आता मानवरहित विमानासाठी पुढे चाललंय आणि त्याच्या मॉड्यूलचं काम विक्रोळीत गोदरेजकडे आलं. इंजिन उभं राहिलं तर त्याची प्रोसेस शीट आपल्याकडे असेल, आणि ‘का नको’ याचं उत्तरही.

तुमच्या मशीनचे हप्ते अजून चालू असतील तर मी भीड न ठेवता सांगेन, पहिली दोन-तीन वर्षं प्रॉडक्शनचं काम घ्या. मीही त्याच पैशावर टिकलो, आणि कागदपत्रांची शिस्तही त्यानेच लागली. हप्ते फिटलेले असतील आणि कारखान्यात काकांसारखा एखादा माणूस असेल, तर डेव्हलपमेंटच्या चौकशीला आधी फोन करा. तो निवृत्त व्हायच्या आत करा.

आणि डेव्हलपमेंटचं कोटेशन देताना फिक्स्चर नगाच्या दरात मिसळू नका. वेगळी ओळ करा, ड्रॉइंगची आवृत्ती बदलली की नवं फिक्स्चर वेगळं आकारलं जाईल असं तिथंच लिहा. पहिल्या वर्षी मी हे लिहिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी लिहिलं, आणि समोरच्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही.